सभेची साडी

“ए म्हातारे, साडी कुठाय?”

द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये शंभरेक विधवा बाया खाली बसलेल्या. सगळ्या एकाच छापाच्या जांभळ्या साडीत. मधे एकटी ठकूमावशी उभी, तिच्या धुतलेल्या जुन्या लुगड्यात. खुर्चीवर नाना, दिंडोरीतले बडे बागायतदार. बाजूला वही घेऊन मी. तीच जांभळी साडी नेसून.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. नाना निराधार समितीचे अध्यक्ष. कसे झाले? आमदाराच्या प्रचाराला गाड्या यांच्या, डिझेल यांचं, जेवणावळी यांच्या. मग गरीब बायांच्या सरकारी पगाराचा शिक्का दुसऱ्या कुणाकडे जाईल? मंजुरीची पत्रं तहसीलमधून कधीच आली होती. नानांनी ती कपाटात दाबून ठेवली. आता ते स्वतः निवडणुकीला उभे होते. आधी सभा, सभेत साडी. मग आज शेडमध्ये ती साडी नेसून येईल तिलाच पत्र.

कपाटाची किल्ली माझ्याकडे. मी दहावी पास, नानांच्या ऑफिसात कारकून. मला सगळं माहीत होतं. नाही कशाला म्हणू?

आई नानांच्याच बागेत मजुरीला जायची, तेव्हा मला ठकूमावशीनं सांभाळलं. तिच्या ताटात जेवून मी मोठी झाले.

“साडीची गोधडी शिवली, नाना,” मावशी म्हणाली. “नात ल्हान हाय. थंडी लय पडली.”

शेडभर हसू फुटलं. बायाही हसल्या. हसणं भाग होतं.

“मग गोधडी पांघरून यायचं!” नाना म्हणाले. मग आवाज चढला. “सभेला आलीच नसशील तू. फुकटचं खायची सवय तुम्हाला. काय गं, आली होती का ही?”

हे मला विचारलं होतं. वही उघडी होती. मावशीच्या नावापुढे बरोबरची खूण होती, सभेत मीच केलेली. मी नानांच्या तोंडाकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले.

मेले कशी नाही मी तिथंच!

मावशी वळली. चपला शोधत बाहेर गेली.

कार्यक्रम संपल्यावर नानांनी माझ्यापुढं एक पिशवी टाकली. घडातून गळालेले द्राक्षाचे मणी, मालात चालत नाहीत ते. “ने. तुमच्या वस्तीत वाट. खूश होतील.” आणि मी लाजलज्जा सोडून “हो नाना” म्हणत ती उचलली. मावशीची इज्जत विकून मला गळके मणी मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर मावशी भेटली. मी मान खाली घातली.

“मला वाचता येत नाय, पोरी,” ती म्हणाली. “पर सभेत तू माझ्याकडं बघून खूण केली, ते मी पाह्यलं होतं. तुला लिहिता येतं याचं लय कवतिक होतं मला.”

हंडा उचलून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तशीच ऑफिसला गेले. कपाट उघडलं, उरलेली सगळी पत्रं काढली. तेवढ्यात नाना दारात.

“कुठं चालली?”

“ज्यांची आहेत त्यांना द्यायला.”

“नोकरी जड झाली का?”

“झाली.”

किल्ली टेबलावर ठेवली. पत्रं पदरात घेऊन बाहेर पडले.

मावशीनं पत्र घेतलं. घरात ये म्हणाली नाही.

मग नाशिकला जाऊन कलेक्टर कचेरीत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी वाचली. “बाई, दोषींत पहिलं नाव तुमचंच लिहिलंय. खोडा. तुम्हीच अडकाल.”

“अडकू द्या.”

चौकशी कधी झालीच नाही. नाना निवडून आले. काही वर्षांनी मावशी वारली, तोवर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

मला माफी नकोच. पण नाना कुठं साड्या, ब्लँकेटं वाटणार असं कळलं की मी जाते. रांगेतल्या बायांना सांगते, पत्र तुमच्या नावावर येतं, कुणाच्या साडीवर नाही. त्या विचारतात, “तुला गं काय ठाऊक?” मग मी सांगते. किल्ली माझ्याकडे होती. ठकूमावशी सभेला आली होती. मी नाही म्हणाले.

नानांची पोरं हाकलतात. हाकलू देत. मी पुन्हा जाणार.