वगळलेलं ब्लूटूथ

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गिऱ्हाइकं 'कात्री' म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. घरच्या जुन्या संगणकाचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणारा गाभा, तो स्वतः बांधायचा. त्यात काय काय घ्यायचं त्याच्या यादीत हजारो गोष्टी. नको त्या प्रत्येकीवरची खूण हा काढून टाकणार. कॅमेरा नको, प्रिंटर नको, ब्लूटूथ तर नकोच नको. "वायर असताना हवेतून कशाला?" म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. काम मात्र चोख, हे कबूल करायलाच हवं.

मग त्याच्या थोरल्या भावाने अंथरूण धरलं. आधी पाय गेले, मग वाचा, शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. रुग्णालयाने एक बटण दिलं. घरच्या संगणकाच्या पडद्यावर अक्षरं सरकत जाणार, हवं ते आलं की बोटाने दाबायचं. बटण फक्त ब्लूटूथवर चालणारं. "बोट फार तर आठवडाभर साथ देईल," डॉक्टर म्हणाले. दादाला बायकोला काहीतरी सांगायचं होतं. ती जवळ आली की त्याचे डोळे भरून यायचे आणि बोट चादरीवर टकटक करायचं.

"भावजी, तयार सिस्टिम मिळते म्हणे, अर्ध्या तासात बसते. तीच टाका ना," वहिनी म्हणाली.

"तयार मालावर माझा भरवसा नाही, वहिनी. एक खूण करायची, पुन्हा बांधायचं. झालंच समजा."

त्या म्हाताऱ्या यंत्राने दोन दिवस खाल्ले. कर्नलमध्ये ब्लूटूथ आलं, पण बटण काही दिसेना. शहाण्याने ब्लूटूथवर खूण केली होती. संगणकाला खोचायच्या इवल्याशा ब्लूटूथ-डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा भाग, यादीत वेगळा असतो, तो तसाच राहिला होता. पुन्हा दोन दिवस. वहिनीने परत तयार सिस्टिमचा विषय काढला, तर याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचा राग येतो तो इथे.

पाचव्या दिवशी सकाळी बटण जोडलं गेलं. कात्रीने ते दादाच्या बोटाखाली सरकवलं. अक्षरांची रांग सरकून गेली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा गेली.

"काल संध्याकाळपर्यंत बोट हलत होतं हो," वहिनी म्हणाली.

बटणातच खोट असेल म्हणून त्याने ते स्वतः दाबून पाहिलं. पडद्यावर लगेच 'म' उमटला. कुठेही काही बिघडलेलं नव्हतं. दादा उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होता, आणि वहिनीला जे सांगायचं होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.