धाकट्याचा दाखला

आईला हे ठाऊक नाही. बायकोला नाही. बाबा तर ठाऊक नसतानाच गेले. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते — ती कशी चिकटते तेच सांगायचं आहे.

मी बास्केटबॉल खेळायचो. पोटासाठी खेळायचो. एका सरकारी खात्याच्या टीमचा पॉइंट गार्ड, सोळा वर्षं. गार्ड म्हणजे टीममधला सगळ्यात बुटका, चेंडू वर घेऊन येणारा आणि बाकीच्या चौघांना पोचवणारा. तुम्ही माझं नाव ऐकलेलं नसणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे बास्केटबॉल म्हटलं की अर्ध्या लोकांना व्हॉलीबॉल वाटतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडचा आहे म्हटलं की टीममधली पोरं एकच विचारायची, ‘गोटमारवाला?’ आणि केसांत बोटं घालून डोक्यावर दगडाच्या खुणा शोधायची. मी शेजारच्या सौसरचा, त्या गोटमारीच्या जत्रेत कधी दगड उचलला नाही की खाल्ला नाही. पण सांगत बसायचा कंटाळा यायचा, मग शोधू द्यायचो.

खात्याच्या रजिस्टरात माझं नाव निलेश. पेपरात छापून आलं तेही निलेश. माझ्या मुलांच्या शाळेत वडिलांचं नाव निलेश. आणि मी उमेश आहे. निलेश माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांनी लहान.

थांबा — कबुली ही नाही. एवढं तर सौसरमध्ये सगळ्यांना माहीत आहे. किराणावाला मला ‘उमेश’ म्हणून हाक मारतो आणि पेपर पुढे करून म्हणतो, ‘पाह्य, निलेशनं काल चांगला खेळ केला.’ आणि दोघं हसतो. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर थोरला खेळतो, यात आमच्याकडे कोणाला फार मोठं पाप वाटत नाही. आमच्या जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या टीममध्ये त्या वर्षी निम्मे जण कोणाचे ना कोणाचे धाकटे भाऊ होते. कोणाला दाढी आलेली, एकाचा साखरपुडा झालेला.

मी अठरा पूर्ण केली होती. त्याआधी दोनदा ट्रायल दिली, दोन्हीदा नापास. मग पांढुर्ण्याचे आमचे सर — मी रोज बसनं त्यांच्याकडे सरावाला जायचो — एकदा म्हणाले, ‘लहान्याचा दाखला आन. तू तं तसाही टिल्लू दिसतो.’ मी मिशी काढली. बाबांनी पेटीतून दाखला काढला. बाबा नगरपालिकेत नळ सोडायच्या कामाला होते, कागदाला फार जपायचे. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि निलेशकडे पाहून म्हणाले, ‘एका सालापुरता आहे. मंग ज्याचा त्याले वापस.’ निलेश तेव्हा पंधरा वर्षांचा. त्यानं मान हलवली. खरं म्हणजे त्याला फार आनंद झाला होता — आपलं नाव राज्याच्या यादीत लागणार म्हणून. यादी लागली तेव्हा तो ती पेपरातून कापून शाळेत घेऊन गेला होता.

आता निलेशबद्दल सांगायला हवं. इथंच पाय अडखळतो.

तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. शाळेच्या मागे सिमेंटचं मैदान होतं, एकच रिंग, तीही वाकलेली. सकाळी मी शिकायचो आणि तो माझ्यासमोर उभा राहून माझी नक्कल करायचा. समोर उभा राहिल्यामुळे मी उजव्या हातानं जे करायचो ते तो डाव्या हातानं करायचा. पुढे उजव्यानंही शिकला. झालं काय, की त्याचे दोन्ही हात सारखे चालायला लागले. गार्डसाठी याहून मोठी गोष्ट नाही. समोरच्याला कळतच नाही की हा कुठल्या बाजूनं निघेल. मलाच कळायचं नाही. सोळाव्या वर्षी तो मला तीनातल्या दोन डावांत हरवायचा आणि वर विचारायचा, ‘दादा, मुद्दाम हारून राहिला का तू?’ मी म्हणायचो, हो.

एक साल झालं. दाखला परत करायची वेळ आली, तोवर मी राज्याच्या टीममध्ये होतो. स्पोर्ट्स हॉस्टेल मिळालं होतं. ओळखपत्रावर फोटो माझा, नाव त्याचं. आता परत करायचं म्हणजे काय करायचं? घरी कोणी विषय काढला नाही. मी तर नाहीच काढला. आणखी एक साल गेलं. मग सुट्टीत घरी गेलो असताना निलेशनंच विचारलं, अगदी लाजत. अठरा वर्षांखालची ट्रायल होती, त्याचं ते शेवटचं वर्ष.

‘दादा, मी जाऊ का आता? माह्याच दाखल्यावर?’

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की बाबा, तुझं नाव माझ्याकडे अडकलंय. त्याच यादीत मी तुझं नाव लावून बसलोय, तू गेलास तर पकडला जाशील. पण हे सांगायचं म्हणजे नाव परत करणार नाही असं तोंडानं म्हणायचं. ते जमेना. मी म्हणालो, ‘जाय ना. दुसऱ्या जिल्ह्यातून जाय. कोन पाहते.’ मला ठाऊक होतं की पाहतात. तरी म्हणालो. माझ्या मनात नक्की काय होतं? तो नापास होऊन गुपचूप परत येईल, असं होतं बहुतेक. नाही — बहुतेक नाही. तसंच होतं.

मी तेव्हा कॅम्पमध्ये होतो. दुपारचं जेवण झालं होतं, मी ताट धुऊन ठेवत होतो. वॉर्डन साहेबांनी खोलीत बोलावलं आणि फोन हातात दिला. पलीकडे ट्रायल घेणारे एक साहेब. मागे चेंडू आपटल्याचे आवाज येत होते. साहेब वैतागलेले होते, पण माझ्यावर नाही. त्यांनी हिंदीत विचारलं, इथं एक लडका आलाय, नाव तुझंच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख तीच. म्हणतो मीच निलेश. कौन है ये? तेरा भाई-वाई है क्या?

बघा, त्यांनी उत्तरसुद्धा तयार करून दिलं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, ‘नहीं सर. मेरा कोई भाई नहीं है.’

इथपर्यंत कदाचित तुम्ही म्हणाल, पोरगा घाबरला असेल, जीभ घसरली असेल. पण जीभ घसरली नव्हती. ती नंतर अजून चालली. साहेब फोन ठेवणारच होते, त्यांना आणखी काही नको होतं. मीच म्हणालो, ‘सर, हमारे उधर ऐसे बहुत लडके हैं. दूसरों के कागज पे खेलते हैं.’

हे मला कोणी विचारलं नव्हतं. कोणीही नाही. मी आपणहून बोललो. साहेब म्हणाले, शाबास, प्रॅक्टिस पे ध्यान दे. मी त्या दिवशी संध्याकाळी सरावात चांगला खेळलो. हे लिहायला लाज वाटते, पण खेळलो. हातातून एकही पास चुकला नाही.

तिकडे निलेशला छातीवरचा नंबर काढायला लावला. बाकीची पोरं बघत असताना. मग एका टेबलाशी बसवून माफीनामा लिहून घेतला. हे मला निलेशनं सांगितलेलं नाही, त्यानं आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. पुढच्या कॅम्पला तेच साहेब आले तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं सगळा किस्सा सांगितला आणि फाईल उघडून मला तो कागद दाखवला. ‘देख, तेरे नाम पे खेलने आया था.’ निलेशचं अक्षर मी अंधारातही ओळखीन, शाळेत त्याला त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. सुबक, गोल अक्षरात लिहिलेलं होतं — मी दुसऱ्याच्या कागदपत्रांवर खेळायला आलो, माझी चूक झाली, पुन्हा मैदानात येणार नाही. आणि खाली सही होती. उमेश.

कळलं ना काय केलं त्यानं? तो ओरडून सांगू शकला असता की कागद माझे आहेत, चोर तिकडे हॉस्टेलात बसलाय. शाळेत एक फोन लावायला सांगितला असता तरी पुरावा मिळाला असता. त्यानं माझं नाव घेतलं आणि स्वतःला खोटा ठरवलं, म्हणजे मी खरा राहावा. सतराव्या वर्षी. मी वीस ओलांडली होती.

मी तो कागद पाहून साहेबांना काय म्हणालो असेन? म्हणालो, ‘हां सर, सुना है इसके बारे में.’

घरी त्यानं एवढंच सांगितलं की निवड झाली नाही. दिवाळीत मी गेलो तेव्हा बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘काऊन नाही झालं रे याचं? तू तं म्हने चांगला खेळते.’ बाबांना खेळातलं काही कळत नव्हतं. मी सांगेन ते खरं, असं होतं त्यांचं. आणि मी — मी तेव्हाही गप्प राहू शकलो असतो. मी म्हणालो, ‘त्याचा डावा हात कच्चा आहे बाबा. गार्डचं काम नाही ते.’

डावा हात. साऱ्या दुनियेतून मी नेमकं तेच निवडलं.

बाबांनी ते तसंच्या तसं त्याला ऐकवलं. जेवताना, सगळ्यांसमोर. ‘डावा हात कच्चा आहे म्हन्ते तुह्या. सोड आता हे चेंडू ठोकनं. बोरगावले भरती करून राहिले, तिथं लाग.’ निलेशनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा हिशेब लागत नसला की माणूस बघतो ना, तसं थोडा वेळ पाहिलं आणि भाजी वाढून घेतली. त्यानंतर तो त्या मैदानावर गेला नाही. पुढल्या महिन्यापासून बोरगावच्या कारखान्यात पॅकिंगला लागला, अजून तिथंच आहे. बाबा मरेपर्यंत लोकांना सांगायचे, मोठ्यात गुण होते, लहान्यात नव्हते. मी शेजारी बसलेला असायचो.

खात्यात नोकरी लागली तेव्हा दहावीची अंकसूची, म्हणजे गुणपत्रिका, लागत होती. मी गणितात नापास झालेलो. निलेश पहिल्या श्रेणीत पास. त्यानंच झेरॉक्स काढली, सही-शिक्के करून आणले आणि मूळ प्रतीसकट रजिस्टर पोस्टानं मला पाठवली. आत चिठ्ठी होती, ‘दादा, मूळ प्रत सांभाळजो.’ ती माझ्याकडे आहे. सांभाळली आहे.

सोळा वर्षं खेळलो. किती शहरं पाहिली, किती मैदानं. लाकडी कोर्टावर पहिल्यांदा उतरलो तेव्हा बूट काढून अनवाणी चाललो होतो, इतकं भारी वाटलं. जिंकलो, हरलो, एकदा फायनलमध्ये शेवटच्या पासवर सामना फिरवला. माइकवरून नाव पुकारलं जायचं, निलेश, आणि मी हात वर करायचो. तुम्हाला वाटेल, दर वेळी काळीज चिरत असेल. नाही हो. सवय झाली. हेच तर सांगायचंय, की सवय होते. कधीकधी महिनोन्‌महिने मला त्या फोनची आठवण यायची नाही. आता गुडघा गेलाय, टेबलावर बसवलंय, दिवसभर फायली सरकवतो. आता रोज येते.

माझ्या सगळ्या खेळाचं मोल काय, असं मी हल्ली काढत बसतो आणि उत्तर दर वेळी एकच येतं. मी बरा होतो. बरा, बस्स. टीमला माझ्यासारखे दहा मिळाले असते. तो मात्र खरोखर काहीतरी झाला असता, आणि ते काय असतं हे आता या जगात कोणालाच कळणार नाही. मी फोनवर फक्त त्याची निवड अडवली नाही. त्याच्यात गुण होते हेच पुसून टाकलं. ते परत कुठून आणायचं?

या पोळ्याला सौसरला गेलो होतो. निलेशची मुलगी चौदा वर्षांखालच्या ट्रायलला जाणार आहे. मला दाखवली त्यानं तिची चाल. दोन्ही हातांनी चालते. ती आत तयारी करत होती, हा ओसरीत बसून तिचा फॉर्म भरत होता, चष्मा लावून. भरता भरता पेन थांबला आणि वर न बघताच त्यानं विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

‘दादा, त्या ट्रायलच्या दिवशी त्यायनं तुले फोन तं नव्हता केला ना? तिथं कोनाले तरी फोन लावून राहिले होते ते.’

काय धोका होता मला आता? खेळ संपलेला. बाबा गेलेले. नोकरीला त्याच्याकडून धोका कधीच नव्हता. ओसरीत आम्ही दोघंच होतो आणि तो थांबला होता. वाचवण्यासारखं माझ्याकडे काहीही उरलेलं नव्हतं.

मी म्हणालो, ‘नाही.’

‘बरं झालं मंग,’ तो म्हणाला. ‘मले इतके वर्स तेच भेव होतं. तुले उगाच तरास झाला असंन म्हनून.’