डिफेक्ट म्हणजे काय वं

पुण्यात मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. दिवसभर तोंडात एकच शब्द, डिफेक्ट. बटण दाबलं जात नाही, डिफेक्ट. अक्षरं चौकटीबाहेर गेली, डिफेक्ट. इथे तो शब्द कुणाला लागत नाही. मी तो पहिल्यांदा ऐकला नांदुऱ्याला, आमच्या घरी, आणि तेव्हा तो माझ्या ताईबद्दल होता.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लहानपणी ताप येऊन गेला आणि तिचा डावा पाय जरा आखूड राहिला. घरात त्याला काही नाव नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारे चाचा तिच्या सलवारीचा डावा पाय दोन बोटं आखूड शिवत. त्यांनी कधी विचारलं नाही, आईनंही कधी सांगितलं नाही. ताईनं ती घातली की दोन्ही कडा घोट्यावर सारख्या बसत. कितीतरी वर्षं मला वाटायचं, सगळ्यांच्या सलवारी अशाच शिवतात.

संग्रामपूरकडचं स्थळ आलं तेव्हा मी नववीत होते. पाहुणे यायच्या आधीच बाबांनी ताईला सतरंजीवर बसवून ठेवलं. चहा मी न्यायचा असं ठरलं. शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला. मग मुलाचे मामा घसा साफ करून बाबांना म्हणाले, "बाकी काही डिफेक्ट वगैरे नाही ना?"

बाबा नुसते हसले. त्यांना तो शब्द कळला होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. पाहुणे कळवतो म्हणून गेले.

ते गेल्यावर ताईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुह्या डिक्शनरीत पाह्य वं, डिफेक्ट म्हंजे काय ते."

डिक्शनरीत दोष, खोट, व्यंग, उणीव असे चार शब्द होते. पहिल्या तिन्हींवर मी अंगठा ठेवला आणि तिला फक्त शेवटचा वाचून दाखवला. उणीव तर साऱ्यातच असते, असं म्हणून ती कपबशा विसळायला बसली.

दोन दिवसांनी शाळेतून आले तर डिक्शनरी तिच्या मांडीवर उघडी होती.

"चार हायेत," ती म्हणाली. "तू एकच काऊन सांगितला?"

मला रडू आलं. तिनं समजूत घातली नाही. ती त्या पानाकडेच पाहत होती. मग म्हणाली की यातला एकही बसत नाही. खोट सोन्यात असते नाही तर माणसाच्या मनात, आणि दोष म्हटला की तो कुणाला तरी द्यावा लागतो. पाय आखूड आहे, तर आखूडच म्हणायचं.

तिकडून नकार आला. वर्षभरानं रोहिणखेडजवळच्या एका गावचं स्थळ आलं. मुलगा नांदुऱ्यालाच कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. बाबांनी पुन्हा सतरंजी अंथरली, पण या वेळी ताई स्वयंपाकघरातून हललीच नाही. पाहुणे बसल्यावर तिनं माझ्या हातातला ट्रे घेतला आणि दारापासून पार समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेली. पावलागणिक कपबशा वाजत होत्या. बाबा जमिनीकडे पाहत होते.

ट्रे ठेवून ती म्हणाली, "माहा डावा पाय आखूड हाये. पाहून घ्या, मंग काय इचारायचं ते इचारा."

मग मुलगाच म्हणाला, "एसटीच्या पायऱ्या चढता येतात का? गावाले जावं लागते, म्हणून इचारलं."

"तुमच्याआधी चढीन," ताई म्हणाली.

त्याची आई हसली. मग बाबांनीही मान वर केली.

लग्न उन्हाळ्यात झालं. ताई काही लांब गेली नव्हती, स्टेशनच्या पलीकडे, चालत वीस मिनिटांवर. तरी घर ओळखू येईनासं झालं. तिच्या चालण्याला एक ठेका होता, एक पाऊल जड, एक हलकं. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मी त्यावरून ओळखायची की ती आता चुलीपाशी आहे, आता अंगणात. ती गेल्यावर आईची पावलं ऐकू यायची, सरळ, एकसारखी. ती ऐकत मी बराच वेळ तशीच पडून राहायची.