नाल्यापलीकडचा अशील

नेरच्या पुढे एका नाल्यापाशी आमचा यवतमाळ जिल्हा संपतो. माझा अशील नाल्याच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यातल्या चहाच्या टपरीवर बसला होता. अलीकडे यायची त्याला बंदी होती. तो तडीपार होता.

बबनभाऊ नेरला लाउडस्पीकर भाड्याने देत. त्या हंगामात कापूस खरेदी केंद्र मधेच बंद पडायचं, गाड्या रस्त्यावर अडकायच्या. बबनभाऊंनी स्वतःचाच माइक घेऊन दोनदा रास्ता रोको केला. मग त्यांना दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर काढायचा आदेश निघाला. कारण काय, तर दहशत.

मी नागपूरला हायकोर्टात वकील. या आदेशाविरुद्धची रिट याचिका मीच लढवत होते. सरकारी वकिलांचा निरोप घेऊन मी आले होते. 'यापुढे आंदोलन करणार नाही' असं लिहून दिलं, तर आदेश मागे घेऊ.

"द्या न लिहून," वहिनी म्हणाल्या. बबनभाऊंसाठी त्यांची ही बायको घरून डबा घेऊन आली होती. "लग्नाचे दिवस हायेत. मंडपात भोंगे काय मी बांधू?"

"लिहून दिलं म्हंजे मी गुंड होतो हे कबूलच केलं न!" मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमचा आवाज तं लय बारीक. जजले आयकू येईन काय?"

"येईल," मी म्हटलं. "पण हरलो तर दोन वर्षं इथेच चहा प्यावा लागेल."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी डबा आवरत होत्या.

"नाई लिहून देत," ते म्हणाले.

"मले मालूमच होतं," वहिनी म्हणाल्या.

कोर्टात न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न तोच. "हमी द्यायला हरकत काय?"

"सभा घेणं हा त्यांचा मूलभूत हक्क आहे, माय लॉर्ड. घरी राहू देण्याची किंमत म्हणून तो मागता येत नाही. हा आदेश कायद्यात बसतो का, एवढंच पाहावं."

यालाच न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. कोर्ट अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाही. त्याने राज्यघटनेची आणि कायद्याची हद्द ओलांडली का, ते तपासतं. तडीपारीला लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका दाखवावा लागतो.

न्यायमूर्ती सरकारी वकिलांना म्हणाले, "एक तरी मारहाण दाखवा."

त्यांनी पानं उलटली. "दोन्ही गुन्हे रास्ता रोकोचे आहेत, माय लॉर्ड."

आदेश रद्द झाला.

मी फोन केला, तेव्हा बबनभाऊंनी आधी विचारलं, "आन् खरेदी केंद्राचं काय म्हनले जजसायेब?"

"काही नाही. तो विषयच नव्हता."

"मंग जिकलो कायचे?"

मागून वहिनींचा आवाज आला, "घरी या पह्यले, मंग इचारा."

कापूस कोणी घ्यावा हे त्या निकालात कुठेच नाही. ते विचारणाऱ्याला जिल्ह्याबाहेर काढता येणार नाही, एवढंच आहे. आणि अशिलाने त्या दिवशी सही केली असती, तर तेही नसतं.