पन्हळीचा ढाळ

वैशाख शुद्ध द्वितीया, आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आदला दिवस. देवपूरला आईच्या ओट्यावरची पन्हळ आणि ती जिच्यावर ठोकलेली असते ती वळचणीची फळी, दोन्ही आज बदलायच्या.

गेल्या पावसाळ्यात पन्हळ मधेच भरून वाहायची. पाणी कोपऱ्यातल्या पाइपात न जाता पायरीवर पडायचं. शेवाळ धरलं, आई घसरली, मनगट मोडलं. भाऊ जळगावात पिंप्राळ्याला राहतो. त्याने तेव्हाच सांगितलं, "पुन्हा पायरीवर पाणी आलं की आईला मी जळगावला आणणार. मग तू मधे बोलू नको." आईला घर सोडायचं नाही.

मिस्त्रींनी जुनी फळी ओढली तर निम्म्या फळीचा भुगा झाला. नवी बसवली, तिच्यावर पन्हळ. मी शिडीवर चढत होते, उतरत होते, दोरी ताणून ढाळ बघत होते.

"अक्का, तुम्ही बसा जरा. शिडी दमली," मिस्त्री म्हणाले.

बसले नाही. पत्र्यावर बादली ओतली. पाणी तसंच मधून पायरीवर.

फळी नवी, पन्हळ नवी, मग चुकतंय काय? वर नीट पाहिलं. पत्रा आणि फळी जिच्यावर टेकतात ती ओट्याची तुळईच मधे वाकली होती आणि तिच्यावर दोराने घासलेल्या दोन खाचा होत्या. दर आखाजीला आई तिथे झोका बांधते. गल्लीतल्या माहेरी आलेल्या सगळ्या पोरी त्याच्यावर बसतात.

मिस्त्रींनी फळीखाली पाचरी मारून ढाळ काढला. "पण आता तुळईला वजन नको," म्हणाले. तेवढ्यात आई दोर घेऊनच बाहेर आली.

"हाऊ दोर बांधी दे."

"इथे नाही. झोक्यानेच तुळई वाकलीय."

"सकायले पोरी येतीन. तेस्ले काय सांगू?"

"तुला झोका पाहिजे की घर?"

"दोन्ही. नही तं तू कसाले वनी?"

मी आले तरी कशाला, हे ऐकून मिस्त्री तोंडात खिळे धरून हसले.

पुन्हा पाणी ओतून बघायचं होतं, पण टाकी रिकामी झाली होती. नळ सकाळी येणार. संध्याकाळभर मी ओटा ते फाटक, फाटक ते ओटा करत राहिले. अंगणातला निंब तेव्हा नजरेत भरला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत निंबाच्या जाड फांदीला झोका बांधला. घरात सगळ्यात वजनदार मी, म्हणून आधी मीच बसले.

"निंबवर मुंग्या शेतस," आई म्हणाली.

"झटकते."

फांदी जागची हलली नाही. नळाला पाणी आलं तशी बादली भरली, शिडी चढले आणि पत्र्यावर ओतली. पाणी कोपऱ्यातल्या पाइपातून खळखळत गेलं. आईने वाकून पायरीवर हात फिरवला आणि कोरडा तळवा मला दाखवला. शिडीवरूनच मी भावाला फोन लावला.