कुंपणातले कंदील

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंइतकं मन लावून घाबरणारं माणूस सोलापुरात दुसरं नसेल, आणि उभ्या सह्याद्रीतही नसेल. सह्याद्रीचं नाव घ्यायचं कारण असं की या बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि गेली कित्येक वर्षं दर पावसाळ्यात सोलापूर सोडून साताऱ्याकडच्या एका उंच पठारावर जाऊन, गुडघे टेकून, रोपं मोजत बसतात. डोंगरावर गेलं की माणूस निर्भय होतो, असं न चढलेले लोक सांगतात. बाई निर्भय वगैरे होत नाहीत. जेवणाचा डबा न्यावा तशी त्या आपली भीती इथून भरून नेतात आणि तिथे वेळच्या वेळी उघडतात.

गावातल्या सात रस्ता चौकात रस्ता ओलांडायचा झाला तर बाई रिक्षा करतात. औषधाच्या दुकानापासून समोरच्या फळवाल्यापर्यंत. नेहमीचे रिक्षावाले आता काही विचारत नाहीत, पण एकदा एक नवा भेटला. कुठे जायचं म्हणून त्याने विचारलं, बाईंनी समोर बोट दाखवलं. तो म्हणाला, "चालत जावा की." बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, "पोचेन का?" त्याने क्षणभर रस्त्याकडे पाहिलं आणि मीटर पाडला. घरी कुकर लावला की शिट्टी होईपर्यंत बाई गॅलरीत उभ्या राहतात, पाल दिसली तर आमच्याकडे झोपायला येतात, आणि उन्हाळ्यात जिन्यात टांगलेल्या तापमापकाकडे बघून आकडा अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याने कुणाचं काय झालं म्हणून विचारावं. पण सगळ्यांत मोठा विषय गॅसच्या बटणाचा. घराची एक किल्ली आमच्याकडे असते ती त्यासाठीच. बाई एसटीत बसल्या की फोन येतो आणि आई गुडघे धरत वर जाते. "बंद हाय बाई," आई सांगते. पलीकडून ठरलेला प्रश्न येतो, "हात लावून बघितलात, की नुसतंच बघितलात?" आई परत आत जाते. एकदा तिने न जाताच हात लावला म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "पावलं ऐकू आली नाहीत."

अशा बाईला मी माझी गुरू का मानावं, हे माझ्या मित्रांना कधी कळलं नाही. माझं बालपण वडिलांनी छापून आणलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. गिरणीची पत्रकं, पाण्याची पत्रकं, यंत्रमाग कामगारांची पत्रकं. त्या कागदांवर माणसं संतापलेली असत, झुंजत असत, क्वचित हुतात्मा होत, पण घाबरलेलं कुणी नसे. त्यामुळे भीती ही शत्रूच्या कामी येणारी गोष्ट आहे अशी माझी पक्की समजूत होती. बाईंनी ती मोडली. त्यांच्या हिशेबी संशोधन म्हणजे नीट तपासून घेतलेली भीती. आपल्याला जे वाटतंय ते खरंच घडतंय का, हे पाहायला दर वर्षी त्याच जागी जायचं, तसंच गुडघ्यांवर बसायचं आणि घाईने काही बोलायचं नाही.

त्यांची भीती एका फुलाबद्दल होती. कंदीलपुष्प. वीतभर उंचीचं रोप, त्याला करंगळीएवढं फूल, वर जाळीदार टोपी आणि खाली फुगीर पोट, थेट कंदिलासारखं. माशी आत शिरते, आतल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही, आणि पराग अंगाला लागले की केस सुकून वाट मोकळी होते. "कोंडलं, तरी सोडतं की नाही?" बाई म्हणायच्या. फुलाची ही सभ्यता त्यांना फार आवडे. त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी, मधल्या सोंडेवर आणि वर पठारावर मोजणीचे चौकोन आखले होते. पायथ्याचा चौकोन आधी रिकामा झाला. नंतर सोंडेवरचा. ऊन वाढतं आहे, पाऊस वेळ सोडून येतो आहे, आणि जे उरलं ते वरच उरलं. पठाराच्या वर फक्त आकाश आहे. "आता ह्याच्यापुढं कुठं जाणार गं ते?" असं एकदा बाईंनी मला विचारलं, आणि मी पहिल्यांदा एखाद्या झाडाला पळायला जागा नाही या कल्पनेने घाबरले.

घाबरले तशी संतापले. पठारावर गाड्यांची जत्रा भरू लागली होती, फुलांवर बसून फोटो निघत होते, कड्याला लागून हॉटेल होणार म्हणून बोललं जात होतं. मी पत्रक लिहिलं. 'हे फूल मरणार आहे आणि मारेकरी आपण आहोत' अशी सुरुवात. बाईंनी पेन्सिल घेतली. 'मरणार आहे' खोडून 'कमी होत असल्याचे दिसते' केलं, 'मारेकरी' खोडून 'संभाव्य कारणे' केलं. मी म्हणाले, बाई, संभाव्य कारणांसाठी रस्त्यावर कोण येईल? त्या खऱ्या काळजीने म्हणाल्या, "रस्त्यावर येऊच नये कुणी. गाड्या असतात."

रोपं मोजायला बाईंची एक लाकडी चौकट होती. समोरच्या बोळात तेलुगू कुटुंबाचे माग चालतात, तिथून आणलेलं टॉवेलचं पांढरं सूत त्या चौकटीवर आडवं-उभं ताणलेलं. ती जमिनीवर ठेवायची आणि सुताच्या एकेका घरातली रोपं मोजत जायची. एका पावसाळ्यात मीही बरोबर होते, आणि बाई चष्मा पुसत होत्या तेवढ्यात एका शेळीने चौकटीचं सूत खाल्लं. सुताबरोबर दोन कंदीलही गेले. बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. शेळ्या राखणारी आजी लांबून हसत आली आणि म्हणाली, "बाई, शेळी हाय, वाघ न्हाय." माझ्या खांद्यावरून बाई म्हणाल्या, "वाघ सूत खात नाही."

परतताना एसटीत त्या गॅसबद्दल बोलल्याच नाहीत, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पुढचे काही महिने त्यांना दुसरं सुचलं नाही. अर्ज केले, परवानग्या काढल्या, पदरमोड केली आणि वरच्या चौकोनाभोवती तारेचं भक्कम कुंपण घातलं. दाराला कुलूप, तेही दर वेळी तीनदा ओढून पाहिलेलं. त्याची एक जादा किल्ली आमच्याकडे आली, गॅसच्या किल्लीशेजारी त्याच खिळ्यावर लटकली. त्या वर्षी बाई इतक्या निर्धास्त होत्या की एकदा कुकरची शिट्टी होताना स्वयंपाकघरात होत्या. आईने ही बातमी मला चिंचोळीच्या एमआयडीसीत, मी कामगारांच्या सभेत असताना, फोन करून दिली.

पुढच्या पावसाळ्यात कुंपणात कंदील थोडे कमी दिसले. पाऊस उशिरा आला, बाई म्हणाल्या. गेल्या पावसाळ्यात आम्ही पुन्हा वर गेलो. धुकं होतं. बाईंनी कुलूप काढलं आणि आत जाऊन त्या उभ्याच राहिल्या. आत गवत कमरेला लागत होतं. खाली मागच्या वर्षीचं वाळलेलं गवत चटईसारखं बसलं होतं आणि त्याखाली उजेडाचा थेंब नव्हता. आम्ही दोघींनी गवत बाजूला करून करून पाहिलं. एकही कंदील नव्हता. कुंपणाबाहेर, शेळ्यांच्या वाटेवरच्या मुरमाड जागेत, लेंड्यांच्या शेजारी, खुरटे का होईना पण थोडे उभे होते.

बाई बाहेरच्या फुलांकडे पाहत राहिल्या, मग आतल्या गवताकडे. शेळ्या इतकी वर्षं गवत खाऊन कंदिलांना ऊन मिळू देत होत्या, आणि आपण त्यांनाच कुलूप लावलं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. चेहरा एकदम म्हातारा झाला. मला वाटलं आता रडतील, आणि रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी आजीला हाक मारली आणि शेळ्या आत घालायला सांगितलं. आजी म्हणाली, "घालते की. पर तुमी कुटं जाता?" बाई कुठे जाणार होत्या? दार अरुंद, कळप मोठा. त्या माझा दंड धरून, डोळे मिटून दारातच उभ्या राहिल्या. अंगाला घासत एकेक शेळी आत जात होती.

"संपल्या का?"

"अजून आहेत बाई."

"असू देत," त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत.

दुपारपर्यंत गवत बरंच खाली आलं. तेव्हा बाईंनी पिशवीतून खुरपं काढलं आणि पूर्वीच्या एका रोपाच्या खुणेसाठी ठोकलेल्या खिळ्याजवळ बसल्या. कंदीलपुष्पाचा कंद जमिनीखाली असतो, लिंबाएवढा. वरचं रोप गेलं तरी तो खाली एखाददोन वर्षं झोपून राहू शकतो. राहतोच असं नाही. कुजलेला असेल तर सगळं संपलं. जिवंत असेल, तर त्या दगडाळ मातीतून तो उकरला की मुळं तुटतात आणि तो मरतो. म्हणजे पाहायचं असेल तर मारावं लागेल. कुलूप तीनदा ओढून पाहणारी ती बाई खुरप्याचं टोक मातीला लावून बसून राहिली. पाठीमागे शेळ्या चरत होत्या. मग त्यांनी खुरपं पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

आता सोलापुरात वैशाख आहे. दुपारी सात रस्त्यावर चिटपाखरू नसतं, बाई तरीही रिक्षा करतात. मी पठारावरच्या हॉटेलविरुद्ध नवं पत्रक लिहिलं आहे. त्यात 'असे वाटते' दोनदा आलं आहे आणि ते कुणी पेन्सिलीने घातलेलं नाही. कुंपणाची किल्ली अजून आमच्या खिळ्यावर आहे, पण तिकडचं दार आता उघडंच असतं. संध्याकाळी ऊन उतरलं की बाई जिन्यात येतात, तापमापक वाचतात, आकडा मात्र हल्ली सांगत नाहीत. कठड्यावरून वाकून खाली मला विचारतात, "असेल की गं कंद खाली?"

"असेल की," मी म्हणते.

हात लावून बघितलंस का, असं त्या विचारत नाहीत. मग वर जाऊन गॅस बंद आहे का ते पाहतात.