पंचांनी पाणी घेतलं नाही

चाकणच्या मळ्यातली विहीर अजून स्वप्नात येते. पाण्यात उतरलेलं दुपारचं ऊन, कपारीतले पारवे आणि पलीकडच्या काठावर वाकलेली माझी थोरली बहीण. स्वप्नात ती गप्प असते. खरी फार बोलायची.

आम्ही दोघी एकाच भावकीत दिलेल्या. माझे सासरे आणि तिचे सासरे चुलतभाऊ. विहीर कुणाची यावरून त्यांचं बिनसलं, तेव्हा त्यांनी लिहून देऊन तीन पंच नेमले. विहीर फक्त आमची ठरली, तर बहिणीच्या घराला ओढ्याचं पाणी. ओढा होळीच्या आधीच आटायचा.

पंच कडक. कुणाचं मिंधं व्हायला नको म्हणून दोन्ही घरचं अन्नपाणी त्यांनी बंद ठेवलेलं. विहीर बघायला आले ते भाकरी बांधून, पाण्याचा तांब्याही स्वतःचा. मी धुणं धूत होते. पाणी देऊ केलं तर थोरल्या पंचांनी हात जोडले.

"निवाडा होईस्तवर न्हाई, पोरी."

ऊन असं की माणसं पाण्यातून चालल्यासारखी दिसत होती. पंचांनी सासऱ्यांना विचारलं, "मोट कुठनं चालायची?" सासऱ्यांनी आमच्या बाजूची धाव दाखवली, बैलांची उतरती वाट. पलीकडे नुसतं गवत हलत होतं.

विहीर आमची ठरली. पंचांनी पक्षपात केला म्हणून बहिणीचे सासरे कोर्टात गेले. आमचे वकील खुशीत होते. पंचांनी पाणीही घेतलं नाही, याहून मोठा पुरावा काय? तो सांगायला मला उभं केलं.

जज्जसाहेबांच्या मागे खिडकीत चिंच डुलत होती. मी तिच्याकडे बघत बोलले. पंचांनी पाणी घेतलं नाही, असं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "मग काय केलं?"

"मोटेचं विचारलं. मामंजींनी दाखवलं."

"दुसरे चुलतभाऊ कुठे होते?"

"आळंदीला, दहाव्याला."

वकिलांनी डोळे मिटले. पाणी न घेतल्याचं साहेबांना काहीच नव्हतं. एकाच्या माघारी दुसऱ्याला विचारलं, हे चुकलं म्हणाले, आणि दोघांना समोर ठेवून पुन्हा बघा म्हणून निवाडा पंचांकडे परत पाठवला.

परतताना बैलगाडीत सासरे म्हणाले, "सूनबाई, पाणी घेतलं न्हाई, येवढंच सांगायचं हुतं."

"तेवढंच सांगितलं. पुढचं त्यांनी विचारलं."

पंच पुन्हा आले. या वेळी बहिणीच्या सासऱ्यांनी विळा आणला आणि पलीकडचं गवत कापलं. खाली दुसरी धाव निघाली. काठाच्या दगडाला मोटेच्या दोराने खोल घळ पडलेली. थोरले पंच तिच्यात बोट फिरवत बराच वेळ बसले.

"हे तवा का न्हाई दावलं?"

"तवा मला बोलावलं हुतं का?"

पंचांनी तिथंच सांगितलं, विहीर दोघांची. मग पंचांनी पाणी मागितलं. बहीण आणि मी, दोघींनी तांबे पुढे केले. कुणाचा आधी घ्यावा म्हणून त्यांचा हात मधेच थांबला.

बहीण म्हणाली, "प्या आता, बाबा. दोन्ही ह्या हिरीतलंच हाय."